उजवीकडे फिरवायची सवय

रुग्णालयाने दिलेल्या पिशवीत चष्मा होता, कंगवा होता, एक रुमाल, खोकल्याच्या गोळ्यांची अर्धी पट्टी आणि एक बूट. दुसरा बूट बसथांब्यावरच राहिला असावा. लेकीने पिशवी दोनदा उलटी केली, शिवणीत बोट फिरवून पाहिलं. पाकीट नव्हतं आणि चाव्यांचा जुडगाही नव्हता.

थांब्यावर वडील कोसळले तेव्हा माणसं धावून आली होती. कोणी पाणी दिलं, कोणी गाडी बोलावली, कोणी डोकं मांडीवर घेतलं. दहा हात मदतीला आले होते. अकरावा कशाला आला होता, ते आता कळत होतं.

पोलीस ठाण्यात हवालदाराने दोघी मायलेकींना बसवून तक्रार लिहून घेतली.

"जुडग्यात चाव्या किती?"

"दोन. एक घराची, एक बंद केलेल्या दुकानाची," लेक म्हणाली.

"त्याच्यावर काही लिहिलेलं? नाव, पत्ता?"

तशाही अवस्थेत लेकीला हसू फुटलं. "साहेब, ते चावीवाले होते. चाळीस वर्षं."

चावीला पत्त्याचं लेबल लावून कोणी दुकानात आलं की वडील चष्म्यावरून बघत आणि विचारत, "घरी कोणी नसतं ती वेळ लिहायची राहिली वाटतं? चोराला ताटकळत ठेवणं बरं नव्हे." गिऱ्हाईक ओशाळून लेबल तिथेच फाडून टाकी.

"नाही," आई म्हणाली. "काही लिहिलेलं नव्हतं."

प्रश्न लेकीला विचारला होता, उत्तर आईने दिलं. आणि देऊन झाल्यावर ती पिशवीचं बटण लावत बसली. बटण आधीच लागलेलं होतं.

लेक दुसऱ्या गावी एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. पानभर मजकुरात उलटं पडलेलं एखादं अक्षर तिला हातभर लांबून दिसे. आईचं बटण तिला दिसलं नाही असं नाही. पण दिसलेलं सगळं बोलून दाखवावं असे ते दिवस नव्हते.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दाराचं कुलूप वडिलांनी लग्नाच्या वर्षी स्वतः घडवलेलं. पितळी गाभा, पोलादी जीभ, आणि उजवीकडे अर्धा वळसा दिला की 'टक' असा एक गुबगुबीत आवाज. लेक लहानपणी झोपेतसुद्धा तो आवाज ओळखायची. आता दिवसभर तो आवाज नव्हता. सांत्वनाला येणाऱ्यांची रीघ मात्र होती. दर पाच मिनिटांनी घंटी वाजे, नवा माणूस आत येई आणि तेच विचारी. आठव्या दिवशी आईने स्टुलावर चढून घंटीची तारच काढून टाकली.

"ज्याला खरंच यायचंय तो दार वाजवेल," ती म्हणाली.

बाराव्या दिवशी खालच्या मजल्यावरची बाई वर आली. बसली नाही, दारातच उभी राहून म्हणाली, "काळजी वाटली म्हणून सांगते हो. काल एक टोपीवाला जिन्यात घुटमळत होता. मला म्हणतो, चावीवाल्यांचं घर हेच का? म्हटलं, हो, पण ते गेले. तर म्हणतो, मग आता वर म्हातारी एकटीच असते का?"

"तुम्ही काय सांगितलंत?" लेकीने विचारलं.

"म्हटलं, तुला काय करायचंय? तर गेला तरातरा."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही. आत नळ मात्र उगाच सुरू झाला.

लेकीची रजा महिनाअखेरीला संपत होती. त्यानंतर या घरात आई एकटी असणार, आणि बाहेर कुठेतरी या घराची चावी कोणाच्या तरी खिशात असणार. संध्याकाळपर्यंत तिच्या डोक्यात दुसरं काही आलं नाही. काही तरी हाताला काम हवं म्हणून ती स्वतःच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण शिवायला बसली. सुईदोरा घ्यायला आईचा शिवणाचा डबा उघडला, तर रिळांच्या खाली एक पितळी पट्टी होती. बोटाएवढी. वर ठसे ठोकून घराचा पत्ता उमटवलेला, आणि दुसऱ्या ओळीतला एक आकडा उलटा पडलेला.

तिने पट्टी आईसमोर टेबलावर ठेवली. आईने ती पाहिली आणि खुर्ची ओढली.

"ही बिघडलेली," आई म्हणाली. "चांगली जमली ती जुडग्यात होती."

"आई!"

"दोनदा रस्ता चुकले होते गं. दुसऱ्यांदा सापडले ते चार गल्ल्या पलीकडे, कोणाच्या तरी दाराला आपली चावी लावत उभे. ती बाई भली, तिने चहा पाजला. तिच्या जागी दुसरं कोणी असतं तर चोर म्हणून धरलं असतं त्यांना. चाळीस वर्षं चावीवाला, आणि चोर!" आईने पट्टी उलटी करून ठेवली. "मग दुपारी ते झोपले की त्यांच्या पेटीतले ठसे काढून मी ठोकत बसायची."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू काम सोडून आली असतीस."

हे खरं होतं, म्हणून लेकीला जास्तच राग आला. "आणि बाबांना दिसली नाही पट्टी?"

"दिसली ना. बराच वेळ बोटाने चाचपत होते. मला वाटलं, आता माझी खैर नाही. तर म्हणाले, ठसे एका ओळीत आलेले नाहीत. एवढंच."

लेकीने शिवणाचा डबा बंद केला. मग लेक म्हणाली, "उद्या कुलूप बदलायचं."

"नाही."

"आई, पत्त्यासकट चावी आहे त्याच्याकडे! टोपीवाला उगाच आला होता का?"

"कशावरून तोच? चावी एखाद्या भल्या माणसालाही मिळाली असेल. पत्ता आहे त्यावर. आणून देईल."

"भला माणूस बारा दिवस वाट बघत नाही."

"तू नको शिकवूस मला माणसं," आईचा आवाज चढला. "शेवटी शेवटी त्यांना माझं नाव आठवायचं नाही. मला 'अहो बाई' म्हणायचे. पण जिना चढून आले की चावी सरळ भोकात, उजवीकडे वळसा, आणि आत. कधी चुकले नाहीत. डोकं विसरलं, हात नाही विसरला. ते कुलूप मी काढू? आणि परक्या माणसाने त्याला हात लावायचा? मी जिवंत असेपर्यंत तरी नाही."

बापाचा हट्टीपणा लेकीला माहीत होता. आईचा त्याहून वरचढ आहे हे तिला त्या दिवशी कळलं. पण हट्ट हा काही फक्त आईबापांच्याच वाटणीला आलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाजारामागच्या दुसऱ्या चावीवाल्याकडे गेली. वडील आणि हा एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलेले, आणि त्यानंतर जन्मभर एकमेकांच्या कामाला नावं ठेवत आलेले. घरात त्याला कोणी नावाने ओळखतच नसे. तो 'दीडशहाणा'.

तिने सगळं सांगितलं. दीडशहाण्याने हातातली कानस खाली ठेवली.

"तुझ्या बापाने मला चाळीस वर्षं दीडशहाणा म्हटलं," तो म्हणाला. "एकदा तरी अर्धा कमी करायचा ना माणसाने. आता कोण करणार?" त्याने नाक पुसलं. "चल, दार दाखव."

आईने त्याला उंबरठ्याच्या आत घेतलं नाही, पण बाहेर उभं राहायला मनाईही केली नाही. त्याने कुलपाकडे पाहिलं, मग कुलपाचा नाद सोडून चौकटीकडे वळला. कुलपाची जीभ जिथे शिरते ती लोखंडी पाटी त्याने नखाने हलवून पाहिली.

"मास्तर, मास्तर!" वडिलांना तो मास्तरच म्हणे. "कुलूप राजाचं आणि पाटी भिकाऱ्याची! अर्ध्या बोटाच्या दोन स्क्रूवर उभी आहे ही. एका लाथेत बाहेर येईल."

"लाथ मारून बघू नका म्हणजे झालं," आई आतून म्हणाली.

"दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, वहिनी."

"दिव्याबद्दल बोलू नका."

त्याने जीभ चावली आणि कामाचं बोलू लागला. "हे बघ पोरी, चोर कुलपाशी भांडत बसत नाही. तो बिजागरीशी गोड बोलतो, खिडकीच्या जाळीची विचारपूस करतो. आधी पाटीला लांब स्क्रू घाल, भिंतीपर्यंत जाणारे. स्वयंपाकघराची जाळी बाहेरून खोलता येते, ती उलट बसव. दाराला आतून अडसर. हे सगळं तू करशील. आता राहिलं कुलूप."

"आईला ते बदलायचं नाही. परक्या हाताने उघडायचंही नाही. आणि तिला चावी परत हवी आहे."

दीडशहाणा हसला. "मग बरोबर माणसाकडे आलीस. एक युक्ती आहे, उस्तादाची. गाभ्याच्या बाजूला एक छोटी खाच करायची आणि समोर एक पिन, मागे स्प्रिंग. चावी उजवीकडे जराशी फिरली की पिन खाचेत पडते. मग गाभा पुढे जात नाही, मागेही येत नाही, आणि गाभा तिरका असला की चावी निघत नाही. सापळाच म्हण ना. दार उघडायचं तर डावीकडे फिरवायची. बाकी कुलूप तेच, चावी तीच."

"आणि त्याने डावीकडे फिरवली तर?"

"शंभरात नव्व्याण्णव उजवीकडे फिरवतात."

"मला शंभरावाही आत यायला नको आहे."

"अडसर कशाला सांगितला मग? घरात असाल तेव्हा तो. बाहेर जाताना वर एक टाळं. मास्तरच्या पेटीत त्याच्या हातची चार तरी असतील."

दाराआड आई ऐकत होती. तिने दार जरा उघडलं.

"म्हणजे ते आले असते," ती हळू म्हणाली, "तर तेसुद्धा अडकले असते."

दीडशहाण्याने जिन्याकडे पाहिलं. लेकीला पुष्कळ उत्तरं सुचली. पुस्तकांतून अशी उत्तरं तिने पानोपानी तपासलेली होती. त्यातलं एकही इथे चालण्यासारखं नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "तेसुद्धा. पण तू आत असशील, आणि तू उघडशील. आई, चावी परत येईल. पण ज्याच्या हातात आहे त्याला घेऊन ती दारापर्यंतच येईल. त्याच्या पुढे नाही. आणि कुलपाला माझ्याशिवाय कोणाचा हात लागणार नाही."

आईने तिच्या हातांकडे पाहिलं. शाईच्या डागांचे, पेन्सिल धरून एका बोटाला घट्टा पडलेले ते हात. "तुला साधा खिळा ठोकता येत नाही."

"शिकेन."

पाच दिवस ती दीडशहाण्याच्या दुकानात मागच्या बाकावर बसली. तो शेजारी उभा राही, दोन्ही हात पाठीमागे बांधून. वचन म्हणजे वचन. पहिलं भंगारातलं कुलूप तिने भोक पाडतानाच फोडलं. दुसऱ्याची स्प्रिंग उडून छताला लागली आणि पुन्हा कोणाला दिसली नाही.

"हाताला घाई आणि डोळ्याला शंका," दीडशहाणा म्हणाला. "उलटं पाहिजे. डोळ्याने घाई कर, हाताने शंका घे."

"म्हणजे काय?"

"मलाही ठाऊक नाही. उस्ताद म्हणायचा."

तिसऱ्या कुलपात पिन खाचेत पडली, पण निघेना. चौथ्यात पडली आणि निघाली. गाभ्याच्या आतल्या तोंडाला सुईएवढं एक भोक ठेवायचं, म्हणजे घरातून सुई घालून पिन उचलता येते आणि अडकलेली चावी सोडवता येते, हेही तिने शिकून घेतलं. एकाच ठिकाणी तीनदा मोजायचं आणि चौथ्यांदा कापायचं, हे तिला मुळात येतच होतं. फक्त कागदावर चूक झाली तर खोडता येते, पितळेत येत नाही.

सहाव्या दिवशी तिने घरच्या दाराचं कुलूप काढलं. चौकटीत नवे स्क्रू बसले होते, अडसर आला होता. दाराला पडलेल्या भोकात आईने फडकं कोंबलं आणि अडसर लावून खुर्ची टाकून समोर बसली. लेक गाभा रुमालात गुंडाळून दुकानात घेऊन गेली. चिमट्यात धरण्याआधी तिने तो उजेडात धरला. आतल्या बाजूला, कोणालाही दिसणार नाही अशा जागी, कानशीच्या तीन बारीक रेघा होत्या. वडील प्रत्येक कामावर तशी खूण करत. तिने रेघांपासून दूर जागा धरली आणि ड्रिल सुरू केलं.

संध्याकाळी कुलूप परत दारात बसलं. आता आईला सवय करायची होती. चाळीस वर्षं उजवीकडे गेलेलं मनगट डावीकडे जाईना. पहिल्या दिवशी आईने तीनदा चावी अडकवली, तीनदा लेकीने आतून सुई घालून सोडवली.

"चोर राहिला बाजूला, मीच रोज पकडली जातेय," आई कुरकुरली.

"डावीकडे, आई."

"कळतं गं मला डावं-उजवं. हाताला कळत नाही."

मग तीच जिन्यात उभी राहून सराव करू लागली. दार ओढायचं, चावी घालायची, ओठ मिटून डावीकडे वळसा. दहा वेळा, वीस वेळा. खालच्या मजल्यावरच्या बाईला वाटलं, बिचारीच्या डोक्यावर परिणाम झाला. तिने तसं लेकीला हळूच विचारलंही. लेक म्हणाली, "हो, थोडा झालाय. आता ती कोणाचंही ऐकत नाही."

"आधी ऐकत होत्या का?" बाई म्हणाली.

लेकीची गाडी रविवारी होती. गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास दोघी स्वयंपाकघरात जुन्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. वडिलांचे कपडे. कोणाला द्यायचे, कोणते ठेवायचे, हे न बोलता ठरत होतं. रेडिओ बंद होता. लेक थोड्याच वेळापूर्वी कचरा खाली टाकून, येताना भाजीच्या पिशव्या घेऊन आली होती, आणि हात भरलेले असल्यामुळे तिने अडसर लावला नव्हता.

दाराशी कोणीतरी आलं. पावलं थांबली. मग बराच वेळ काहीच नाही. घंटीची तार काढलेली होती. बाहेरच्या माणसाने बटण दाबलं असेल, वाट बघितली असेल, घरात कोणी नाही असं धरलं असेल.

आई उभी राहिली. तिच्या हातात एक सदरा होता. ती काहीतरी ऐकायची वाट बघत होती, आणि काय ते लेकीला कळलं. दारावर बोट वाजण्याचा आवाज. भला माणूस घंटी वाजली नाही तर दार वाजवतो.

दार वाजलं नाही. चावी भोकात सरकली.

लेक अडसराकडे धावली, पण आई तिच्या पुढे होती. या वयात ती एवढी झपाट्याने चालेल असं कोणी म्हटलं नसतं. कुलपात गाभा उजवीकडे वळला आणि एक बारीकसा आवाज झाला. 'टक' नव्हे. त्याहून हलका. पिन पडल्याचा. मग चावी मागे ओढली गेली, पुढे ढकलली गेली, पुन्हा ओढली गेली. दार हादरलं. चौकटीतली पाटी जागची हलली नाही.

लेकीने अडसर लावला. आईने तोंड दाराजवळ नेलं.

"उजवीकडे फिरवलीस ना?" ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता, वाट चुकलेल्याला रस्ता सांगावा तसा. "आता ती निघायची नाही. चावी तिथेच राहू दे, आणि तू जा."

बाहेर श्वाससुद्धा ऐकू येईना. मग पावलं. जिन्यावरून तीन-तीन पायऱ्या गाळत खाली गेलेली. खालच्या मजल्यावरची बाई ओरडली, "अहो, तोच! टोपीवाला!" आणि मग रस्त्यावरचा नेहमीचा आवाज तेवढा उरला.

आई त्याच जागी उभी होती. सदरा तिने छातीशी घट्ट धरला होता.

"दार वाजवलं नाही त्याने," ती म्हणाली.

"नाही."

"वाजवलं असतं तर मी उघडलं असतं. चहा दिला असता."

लेकीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग फोन केला.

हवालदार दुपारी आला, तोच, ठाण्यातला. दाराबाहेर लोंबणारा जुडगा बघून त्याने टोपी मागे सारली. "हे असं मी पहिल्यांदाच बघतोय. चोर पळाला आणि माल ठेवून गेला." त्याने खालच्या बाईकडून वर्णन लिहून घेतलं, पंचनामा केला, मग म्हणाला, "हा जुडगा जमा करावा लागेल."

"आधी सोडवावा तर लागेल," आई म्हणाली. तिने शिवणाच्या डब्यातून सुई आणली, चष्मा लावला आणि आतल्या भोकात घातली. लेक मदतीला पुढे झाली तर तिने कोपराने मागे सारलं. पिन उचलली गेली. आईने चावी सरळ केली आणि बाहेर ओढली. जुडग्याला दोन चाव्या होत्या आणि पितळी पट्टी होती. त्यावरचे ठसे खरंच एका ओळीत नव्हते.

आईने कडी वाकवून पट्टी काढली आणि हवालदाराच्या हातावर ठेवली.

"त्या दिवशी मी खोटं बोलले. लिहिलेलं होतं, मीच लिहिलं होतं. ही न्या, पुरावा म्हणून. ही माझी चूक आहे. दुकानाची चावीही न्या, ते दुकान आता नाही. घराची देणार नाही. ती त्यांची आहे."

"आजी, नियम असा..."

"नियम लिहून घ्या. चावीचं चित्र काढून घ्या. हवं तर रोज येऊन बघून जा."

हवालदाराने लेकीकडे पाहिलं. लेकीने हसू आवरून खिडकीकडे पाहिलं. शेवटी त्याने मोबाइलवर चावीचे दोन फोटो काढले आणि कागदावर आईची सही घेतली.

तो गेल्यावर आई चावी घेऊन जिन्यात गेली आणि दार ओढून घेतलं. लेक आत एकटी राहिली. तिने सुई शोधून हातात धरली. आता हात उजवीकडे जाणार, हे ती धरूनच चालली होती.

चावी आत सरकली. बाहेर थोडा वेळ काही हललं नाही. मग गाभा डावीकडे वळला, आणि तो गुबगुबीत आवाज झाला. टक.

दार उघडलं. आई चावीकडे बघत होती, तिच्या दात्यांच्या खोबणीत साठलेला बारीक काळा मळ नखाने काढत.

"लागते," ती म्हणाली. "त्यांची चावी अजून लागते."

तिने ती दाराशेजारच्या खिळ्याला अडकवली, मागे होऊन नीट लोंबतेय ना ते पाहिलं, आणि अडसर लावला.

"तुझ्या सदऱ्याचं ते बटण तसंच राहिलंय," ती म्हणाली. "आण इकडे. रविवारी असंच जाणार आहेस का?"